तीन खुर्च्यांचा कोरम

मंगळवारी दुपारी आमचे साडू गेले. त्यानंतरच्या रविवारी सोसायटीचं गोदाम उघडलं नाही.

युरोपातलं नाचाचं संगीत इतक्या गांभीर्याने आणि इतकं स्थिर बसून ऐकणारा माणूस खुद्द युरोपातही झाला नसेल, हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे. साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पांढरकवड्याच्या पुढे हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात सेवा सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. सगळा गाव, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या ताई धरून, त्यांना सेक्रेटरीच म्हणे. मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि त्या पेनांच्या मागे हॉलंड, बेल्जियम आणि जर्मनी. हा नाद त्यांना कापसामुळे लागला. जगाच्या बाजारात रुईचा भाव काय निघाला हे कळावं म्हणून ते पहाटे उठून रेडिओचा काटा फिरवत बसायचे. एका पहाटे भावाच्या जागी कुठल्याशा परदेशी केंद्रावरून एकसारखा ठोका ऐकू आला आणि त्या ठोक्यावर काहीतरी हळूहळू वर चढत गेलं. ‘भाव तर पडलाच होता, मास्तर,’ ते मला म्हणाले, ‘पण हे चढून राह्यलं होतं.’ त्या दिवसापासून त्यांनी भाव ऐकणं सोडलं. तसेही ते ऐकण्यासारखे राहिले नव्हते.

एकट्याने ऐकणं त्यांच्या सहकारी स्वभावात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी मंडळ काढलं. मंडळात आम्ही तिघं. मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवणारा. मी फारसं बोलत नाही म्हणून मला अध्यक्ष केलं. तिसरा मारोती, गावातला बिछायतवाला. लग्नाला मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे, सगळं त्याच्याकडून जायचं, आणि त्याच्यापाशी माणसाच्या छातीएवढे दोन स्पीकर होते. मारोती आम्हाला ‘जयभीम’ म्हणे आणि साडू त्याला ‘रामराम’ म्हणत. आपला नमस्कार घरी ठेवून समोरच्याचा वापरायचा, ही आमच्याकडची रीत आहे. रविवारी दुपारी खताच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांना पाठ करून आम्ही मारोतीच्याच तीन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो. सभा रीतसर चालायची. अल्बम लावण्यासाठी एक सूचक लागे, एक अनुमोदक लागे. इतिवृत्त मात्र लिहायचं नाही, असा पहिल्याच सभेचा पहिला ठराव होता, कारण साडूंचा हात आठवडाभर तेच करून दुखत असे.

त्या संगीतावर नाचायचं असतं हे आम्हा तिघांनाही ऐकून माहीत होतं. पण साडू मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत आणि आम्हीही तसेच बसायचो. एकदा रस्त्याने जाणारी एक म्हातारी दारात थबकली, आमच्याकडे बघून तिने पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात विचारलं, ‘कोन गेलं, बावा?’ मारोती हसून खुर्चीवरून घसरला. साडूंनी शांतपणे सांगितलं, ‘कोनी नाई, आजी. सभा चालू हाये.’ मारोतीने मग त्यांना छेडलं, ‘सेक्रेटरी, गोरे लोक याच्यावर रातभर उड्या मारते म्हनते. तुमी एक पाय तरी हालवा.’ साडू म्हणाले, ‘कापूस पाहाचा असते, मारोतराव. त्याच्यात लोळाचं नसते.’

पाहायचा म्हणजे पारखायचा. अल्बम संपला की ते हवेतच कापसाचं बोंड धरल्यासारखी दोन बोटं चोळत आणि निकाल देत. ‘धागा लांब हाये. रुईचा उतारा चांगला.’ नाहीतर, ‘नुसती सरकी. दहा गाण्यातून दोन गाण्याची रुई निंगन.’ आणि फारच वाईट असेल तर एकच शब्द, ‘कवडी’, जो आमच्याकडे किडक्या, पिवळ्या पडलेल्या कापसाला वापरतात. त्यांना आवडे ते संगीत संथ, लांबलचक, पंधरा मिनिटं घेऊन कुठेतरी पोचणारं. मारोतीला आवडे ते जोरकस, धडधडीत, पहिल्या क्षणापासून छातीवर येणारं. साडूंना ते ऐकताना खरोखर त्रास व्हायचा. ‘हे गानं नाई, जिनिंगची मोटर हाये,’ ते म्हणायचे. मारोती म्हणायचा, ‘तुमचं गानं चालू होईपर्यंत नवरीले दोन लेकरं होतीन.’ मग मतदान व्हायचं आणि माझं मत निर्णायक ठरायचं.

अल्बम यायचे हैदराबादहून. तिथे परदेशातला माल मागवून देणारं एक दुकान साडूंनी शोधून काढलं होतं आणि हमरस्त्यावरून जाणारा एक ट्रकवाला पुडकं धाब्यावर आणून देई. एकदा तो म्हणाला, ‘सेक्रेटरी साब, दुकानवाला पूछ रहा था, तुम्हारे गाँव में डिस्को खुला है क्या?’ साडू म्हणाले, ‘उनको बोलो, सोसायटी खुली है.’ पुडकं हातात आलं तरी ते फोडायचं नाही. कोरम पूर्ण असल्याशिवाय नव्या अल्बमचं प्लास्टिक काढायचं नाही, हा मंडळाचा दुसरा ठराव होता, आणि आमचा कोरम तीन होता.

यातली गंमत सहकारी सोसायटीचा सभासद असलेल्याला लगेच कळेल. वार्षिक सभेच्या प्रत्येक नोटिशीच्या तळाशी एक वाक्य असतं: कोरमअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल, त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही. साडूंची उभी नोकरी या वाक्यावर चालली. दर वर्षी सभेला येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. साडू घड्याळ टेबलावर उभं करून अर्धा तास गप्प बसत, आणि मग सगळे ठराव सर्वानुमते मंजूर होत. मी एकदा सुचवलं की मंडळालाही हा नियम लावू, म्हणजे कोणाला काम असलं तर अडचण नको. ते माझ्यावर जवळजवळ रागावलेच. ‘तिकडं मानूस आला काय, नाई आला काय, ठराव पास होते. म्हनून तं हे मंडळ काढलं, मास्तर. इथं मानूस पाहिजे.’

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. खरेदी केंद्रापुढच्या गाड्यांची रांग आखूड होत गेली आणि एका हंगामात केंद्र उघडलंच नाही. लग्नं घरासमोर, चार माणसांत होऊ लागली. मारोतीचे मंडप त्याच्या घरी पडून राहिले. त्याच्या खुर्च्या मात्र जात होत्या, दुसऱ्या कामाला. त्या म्हातारीने विचारला तो प्रश्न त्या वर्षांत आमच्या भागात कोणी सहज विचारत नसे.

एका रविवारी आम्ही गोदामात आलो तर स्पीकर नव्हते. मारोती म्हणाला, आदिलाबादच्या माणसाला विकले. साडू उभेच राहिले. ‘विकले? ठरावाशिवाय?’

‘स्पीकर माये होते, सेक्रेटरी.’

‘तुये होते, पन मंडळाच्या वापरात होते. इचारलं काहून नाई? भंगाराच्या भावात देऊन आला असशीन.’

मारोती आधी हसला, कारण त्याला वाटलं पुढे थट्टा येईल. ती आली नाही. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, ‘माया घरात चूल बंद होती, तवा कुठं गेलता तुमचा कोरम?’ आणि तो निघून गेला. जाताना खुर्ची तशीच ठेवून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, ‘त्याईनं याव. मी येतो.’ मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, ‘सभासदाले बलावाचं कायले? दर रविवारची नोटीस तं कायमचीच हाये.’ एवढी सरळ दोन माणसं आणि मधली वाट चारशे पावलांचीही नसेल. ती कोणी चाललं नाही. रस्त्यात दिसले तर ना जयभीम, ना रामराम.

पण साडूंनी एकही रविवार सोडला नाही. गोदाम उघडत, एका छोट्या प्लेअरला दोन डबीएवढे स्पीकर जोडत, तीन खुर्च्या मांडत. नवा अल्बम टेबलावर ठेवत. अर्धा तास आम्ही दोघं दाराकडे बघत बसायचो. मग ते मला अध्यक्ष म्हणून उभं करत आणि मी म्हणायचो, ‘कोरमअभावी सभा तहकूब.’ अल्बम प्लास्टिकसकट गोदामातल्या जुन्या तिजोरीत जायचा. त्या वर्षांत तिजोरीत ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एकदा लेखापरीक्षकांनी ती उघडली आणि विचारलं, ‘ही कोणाची ठेव?’ साडू म्हणाले, ‘सभासदांची.’ ‘किती सभासद?’ ‘तीन, साहेब. एक थकबाकीदार हाये.’ खुर्च्यांचंही तसंच. मारोतीने त्या परत मागितल्या नाहीत आणि साडूंनी त्या पाठवल्या नाहीत. ‘त्याच्या हायेत. त्यानं येऊन न्याव्या,’ असं म्हणत ते रोज ओल्या फडक्याने त्या पुसून ठेवत. तिसरी सगळ्यात जास्त.

न ऐकलेल्या अल्बमवरही चर्चा होत असे. पाठीमागे छापलेल्या गाण्यांच्या लांबीवरून ते अंदाज बांधत. ‘गाठ न फोडता कापूस ओळखता आला पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. त्यातच मला दिसलं की हल्ली येणाऱ्या अल्बमची सगळी गाणी तीन-चार मिनिटांची, मुखपृष्ठावर वीज नाहीतर यंत्रं. मी विचारलं, ‘साडूभाऊ, हे तर जिनिंगच्या मोटरीतलं दिसतं. तुम्हाला चालत नाही ना?’ त्यांनी अल्बम तिजोरीत सरकवला आणि म्हणाले, ‘सभासद सगळ्या चवीचे असते.’ नंतर ताईंनी सांगितलं. मारोतीच्या ज्या खुर्च्या त्या दुसऱ्या कामाला जात होत्या, त्यांचं भाडं तो घेत नव्हता. स्पीकर त्यामुळे विकावे लागले. सेक्रेटरींना हे बाजारात कोणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी ते मला कधीही बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त पुढचे सगळे अल्बम मारोतीचे मागवले.

शेवटचा रविवार त्यांनी यवतमाळला दवाखान्यात काढला. मी बसलो होतो. त्यांनी विचारलं, ‘गोदाम उघडलं?’ मी म्हणालो, नाही. ‘मंग सभा?’ मी म्हणालो, ‘कोरमअभावी तहकूब.’ ते म्हणाले, ‘बराबर. पन रद्द नोका म्हनू.’

आम्हा बौद्धांकडे तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन असतं. त्या दिवशी आम्ही मंडपाचं कोणाला सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात दारात बैलगाडी उभी राहिली. मारोतीने कोणाला न विचारता बांबू उतरवले, छत ताणलं, खुर्च्या लावल्या. काम झाल्यावर हात धुऊन तो फोटोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘जयभीम, सेक्रेटरी.’ जेवायला थांबला नाही. जाताना मला म्हणाला, ‘मास्तर, रविवारी गोदाम उघडसान.’

नव्या सेक्रेटरीकडून किल्ली घेऊन मी उघडलं. तीन खुर्च्या मांडल्या. मारोती आपल्या जागेवर बसला आणि आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो. नेहमीची वेळ झाल्यावर मी सवयीने उठलो. तो म्हणाला, ‘बसा, मास्तर. तिजोरी उघडा.’

‘कोरम नाही,’ मी म्हणालो.

‘मागची सभा तहकूब का रद्द?’

‘तहकूब. रद्द म्हणायचं नाही म्हणाले.’

‘मंग झाला ना अर्धा तास? आता कोरम कायले पाहिजे?’

‘ते इथे हा नियम लावत नसत, मारोतराव.’

‘उपसूचना हाये म्हनाव त्याईले. मी सूचक. तुमी अनुमोदक. बोला.’

मी हात वर केला.

तिजोरीतले अल्बम त्याने एकेक करून मांडीवर घेतले. तो मुखपृष्ठ बघायचा, मागची गाणी बघायचा आणि पुढचा उचलायचा. निम्मे बघून झाल्यावर त्याचा हात थांबला. ‘हे तं सारं मायं हाये,’ तो म्हणाला. ‘त्याईले तं हे सहन होत नव्हतं.’

‘नव्हतं,’ मी म्हणालो.

त्याने सगळ्यात वरच्या अल्बमचं प्लास्टिक दाताने फोडलं. ते दोन डबीएवढे स्पीकर जमेल तेवढे धडधडू लागले. आम्ही मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसलो. रस्त्याने ती म्हातारी चालली होती. तिने आत पाहिलं, पदर सारखा केला आणि काही न विचारता पुढे गेली. अल्बम संपल्यावर मारोतीने दोन बोटं चोळली. ‘कवडी,’ तो म्हणाला, आणि डोळे पुसले. ‘पुढचा लावा.’

अजून बरेच अल्बम फोडायचे आहेत. आम्ही एका रविवारी एकच लावतो. सभेला आम्ही दोघं असतो, अर्धा तास थांबतो, मग सुरू करतो. खुर्च्या तीन आहेत. त्या मारोतीच्या आहेत.