पन्नास पट्ट्यांचं कापड

माझ्या आत्याने, सिनिसियाने, पन्नास वर्षं सालीचं कापड कुटलं आणि आज तिच्या घरात त्यातला हातरुमालाएवढा तुकडा नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, मला त्याचा राग येतो. कुणाचं लग्न निघालं, गेलं कापड. कुणी मेलं, गेलं कापड. एका पाद्रीबाबाची बदली झाली तर त्यालाही दिलं, आणि तो वर्षभर तिच्या अंगणावरून जाताना मान वर करून बघत नव्हता. मी बोलले की म्हणायची, "बरं, असू दे. कापड असतंच त्यासाठी." आणि परत ओंड्याशी बसायची.

रविवार सोडला तर आमच्या हापाई द्वीपसमूहातल्या या बेटावर सकाळपासून मोगरीचा आवाज असतो. तुतीची साल सोला, वरचा खरखरीत पापुद्रा खरवडा, भिजत घाला, ओंड्यावर कुटून कुटून बोटभराची हातभर रुंद करा. मग कंदाच्या खळीने तुकडे जोडून सगळ्या बायका मिळून एकेक पट्टा रंगवतात. आमच्या गटात नऊ जणी. आज हिचं कापड, पुढच्या खेपेला तिचं. आत्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, तिचे केस विंचरायला मीच जाते.

दोन वर्षांपूर्वी समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि पाणी घरात शिरलं. माझ्या आईने लग्नापासून गादीखाली साठवलेल्या सगळ्या कापडांचा एका संध्याकाळी लगदा झाला. वरून राख पडली ती वेगळीच. तुतीच्या वाफ्यात मीठ शिरलं, साल आखूड निघायला लागली. मोठं कापड करायचं नावच कुणी काढेना. त्यात अकोसिता आली.

अकोसिता चित्रकार. जन्मली ऑकलंडला, पण तिची आजी आमच्याच गावची, त्यामुळे तिला पाहुणी म्हणायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी तिच्याही हातात मोगरी आली. युरोपातल्या एका मोठ्या संग्रहालयात तिचं प्रदर्शन व्हायचं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी एका जहाजाच्या कप्तानाने आमच्या बेटावरून नेलेलं कापड तिथे आहे म्हणे. त्याच्याशेजारी तिला आजचं कापड पसरायचं होतं, पन्नास पट्ट्यांचं, चांगलं ऐंशी फूट. एका टोकाला गोऱ्यांची गलबतं, मग समुद्राने खाल्लेला किनारा, मग पाण्यात गेलेली थडगी, आणि शेवटी करडा रंग, तोही खऱ्या राखेचा. आत्याने दुधाच्या पावडरीच्या डब्यात थोडी राख ठेवली होती. डबा पुढे सरकवत म्हणाली की ही राख कपड्यांतून काढता काढता माझे दोन महिने गेले, आणि तू ती मुद्दाम घालायला सांगतेस.

पाळी आत्याची होती, त्यामुळे हो म्हणायचं की नाही ते तिच्यावर होतं. तिने एवढंच विचारलं, "ते जुनं कापड कापलेलं नाही?"

"नाही, आत्या. अख्खं आहे."

"अडीचशे वर्षं अख्खं?"

अकोसिता म्हणाली, हो, आणि पाटीही आहे, पण पाटीवर नाव कप्तानाचं. कुटणारीचं कुठेच नाही. या नव्या कापडाच्या पाटीवर मात्र आत्याचं नाव येणार. आत्याने मोगरी उचलली. पण त्या रविवारी चर्चमध्ये तिच्या भजनाच्या पुस्तकात मला कागदाची चिठ्ठी दिसली. तिने स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव तीनदा लिहून बघितलं होतं, तिसऱ्यांदा बरंच सुबक आलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी बाईला आपलं काहीतरी कुठेतरी अख्खं राहावं असं वाटलं, यात काय चुकलं? मला तर गहिवरूनच आलं.

आठ महिने लागले. बेटावरची साल पुरेना, बाजूच्या दोन बेटांवरून होडीने आणावी लागली. आत्या दमायची, ओंड्यावर डोकं टेकून बसायची, परत उठायची. कापड झालं, वाळलं, घडी होऊन तिच्या पलंगावर बसलं आणि ती स्वतः खाली चटईवर निजायला लागली. शुक्रवारच्या बोटीने ते जायचं होतं. त्याआधीच्या मंगळवारी माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ कालाफी, राजधानीच्या इस्पितळात वारले.

बहीण-भाऊ म्हटलं तरी आमच्यात मोठ्या बहिणीसमोर भाऊ पाय पसरून बसत नाही, ती असेल त्या खोलीत शिरत नाही. वयात आल्यापासून दोघं एका छताखाली बसली नव्हती. बाबा तिच्यासाठी मासे धाडायचे ते माझ्या हातून, आणि ती शिजवलेले तारोचे कंद धाडायची तेही माझ्याच हातून. दोघांच्या मायेची ने-आण करता करता माझे पाय झिजले. पण भावाच्या मयताला मान बहिणीचा. ती उशाशी बसते, आणि मेलेल्याच्या घरच्यांनी आपलं सगळ्यात मोठं कापड तिच्यापुढे पसरायचं. आमच्या घरी पसरायला काय होतं? शेजारून मागून आणलेली दोन, तीही खालून बाजारच्या कापडाचं अस्तर लावलेली. आई चुलीपुढे बसून एकच म्हणत होती, "तुझ्या बापाला मी असं उघडं कसं पाठवू?"

गुरुवारी दुपारी बाबांना घेऊन बोट यायची होती. सगळं गाव धक्क्याकडे निघालं, तेवढ्यात आत्याच्या दारातून गटातल्या पाच जणी ती घडी खांद्यावर घेऊन निघाल्या. मागून आत्या, कमरेला सुतकात गुंडाळायची फाटकी चटई. भर उन्हात ऐंशी फुटांचं कापड रस्त्याने चाललंय, आणि गाव बघतंय समुद्राकडे! एकाने तर आभाळाकडे बघून वाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली. घडी आमच्या मागल्या दाराने आत आली. आई रडायलाच लागली. म्हणाली, वन्सं, हे तिकडे जायचंय, तुमचं नाव लागणार आहे त्याच्यावर.

"माझं कुठलं कापड?" आत्या म्हणाली. "तुझंच आहे. गादीखाली होतं." आणि पुढल्या दाराने रीतसर आत यायला वळसा घालून निघून गेली.

संध्याकाळी ती बाबांच्या उशाशी बसली. एकाच छताखाली, इतक्या वर्षांनी. रडली नाही. त्यांच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ तशीच होती, आणि मला वाटलं की आता तरी कुणी यांना बोलू द्यावं. मग आम्ही कापड पसरलं. खोलीत मावेना, दाराबाहेर अंगणात, अंगणातून फणसाच्या झाडापर्यंत गेलं. आमच्या वतीने बोलणाऱ्याने पुकारा केला की कालाफीच्या घरचं हे पन्नास पट्ट्यांचं कापड त्याच्या बहिणीला. आत्याने रीतीप्रमाणे आभार मानले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय. कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. आम्ही लोक या बाबतीत फार सराईत आहोत.

अकोसिता माझ्याशेजारी होती. तिच्या आता लक्षात आलं. माझा दंड धरून कुजबुजली, "म्हणजे ते परत तिचंच झालं. मानही राहिला, कापडही राहिलं. उद्याच्या बोटीने जाईल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगते, माझ्याही जिवात जीव आला. रीतीने आत्या ते अख्खं घरी नेऊ शकत होती. कुणी ब्र काढला नसता.

दुसऱ्या दिवशी बाबांना पुरलं. किनाऱ्यावरचं आमचं कबरस्तान समुद्र खात चाललंय, म्हणून आतल्या बाजूला, काकाच्या कंदाच्या शेतात. परत येऊन लोक अंगणात बसले. खड्डा खणणारे, बोटवाले, इस्पितळातून सोबत आलेली नर्स, भट्टीवर डुकरं भाजणारे. यांना निघताना काहीतरी हातात द्यायला हवं होतं, आणि आमच्या घरात आता खरंच काही नव्हतं. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. अकोसिताने दोरी आणि मेणकापड आणून ठेवलेलं होतं.

आत्याने कात्री मागितली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. हळूच म्हणाले, आत्या, तुझं आहे ते, तू नेलंस तर चालतं. तिने माझ्याकडे बघितलं, फार दमलेलं बघणं होतं ते.

"लुपे, काल घरात आलं आणि आज तसंच्या तसं परत गेलं, तर ते तुझ्या आईचं होतं असं कोण म्हणेल? फिरवून आणलं म्हणतील. कात्री दे."

मी दिली. तिचा हात वर जात नव्हता म्हणून तिने अकोसिताला सांगितलं, ते टोक धर, ताणून धर. अकोसिताने धरलं.  गलबतांचा भाग खड्डा खणणाऱ्यांना गेला. खाल्लेला किनारा नर्सला. बुडालेली थडगी नव्या पाद्रीबाबाला गेली, त्याने आनंदाने घडी करून काखेत मारली. राखेचा करडा तुकडा बोटवाल्याला मिळाला, त्याच्या नातीचा पहिला वाढदिवस आहे म्हणत होता. अंगणातून फणसापर्यंत गेलेलं कापड तासाभरात संपलं. आत्याने स्वतःला काही ठेवलं नाही, आणि या खेपेला मी भांडलेही नाही. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

अकोसिता मोकळे हात घेऊन उभी राहिली. ती रडत होती आणि तिला रागही आला होता, दोन्ही दिसत होतं. आठ महिने तिनेही कुटलं होतं. म्हणाली, "आत्या, तिथे त्यांनी जागा मोकळी ठेवलीय. त्या जुन्या कापडाशेजारी. मी त्यांना काय सांगू?"

आत्या कात्री पुसत होती. खळीचा चिकटपणा बसला होता तिच्यावर.

"अडीचशे वर्षं घडीत पडलंय ना ते बिचारं?" ती म्हणाली. "त्याच्याशेजारी पाटी लाव. नाव लिही माझं, चिठ्ठी पुस्तकात आहे. आणि खाली लिही, वापरलं."