लिंबोणीचं उत्तर

परवा परसात आळी करताना माळीदादांनी विचारलं, "ही लिंबोणी फळत न्हाय, काढून टाकू का?" त्यांनी चुरगळलेल्या पानाचा वास आला आणि मी थेट बेंबळीच्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले.

आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी आठ वर्षांची होते. शिमगा उरकला की परस खणायचं, शेणखत घालायचं, दोडक्याचं बी टोचायचं. न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाडीचा धाकही तेव्हाच दाखवायचा. एकानं दरडावायचं, दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं "फळते, फळते" म्हणायचं. त्या दिवशी आईनं कुऱ्हाड घेतली आणि झाडाच्या बाजूनं बोलायला धाकट्या काकूला उभं केलं. काकूला सात वर्षांत मूल झालं नव्हतं. काकांसाठी दुसरी मुलगी बघायचं घरात चाललं होतं.

आईनं लिंबोणीच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकवली. "बोल, यंदा फळतीस का तोडू?"

काकूनं झाडाला दोन्ही हातांनी धरलं. "तोडू नका, अक्का. न्हाय फळले तरी सावली देते की. मला राहू द्या."

आईच्या हातातली कुऱ्हाड गळून ओल्या मातीत पडली.

काकू भलतंच काहीतरी बोलली असं वाटून मी मात्र खदाखदा हसत होते. परवा ते हसणं आठवलं. परसात तेव्हा तेवढाच एक आवाज होता.