पांढरीतली हिरवी बांगडी

निमगाव केतकीत मातीचं माळवद घालावं ते ठमाबाईनं. चाळीस वर्षांत आपल्या हातच्या छतानं घरात एक थेंब सोडला नाही, हे ती कुणी न विचारताही सांगायची. तिचा सगळा भरवसा पांढरीच्या मातीवर. गावाबाहेरच्या टेकाडावर कधीकाळी जुनं गाव होतं. ढासळलेल्या भिंती, चुलींची राख पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली आणि तिची ही पांढुरकी, चिकट माती झाली. तिच्यातून पाणी उतरत नाही.

पंच्याण्णव साली मात्र ठमाबाईचे गुडघे कुरकुरत होते. तिनं टेकाड चढायचा कंटाळा केला आणि पायथ्याचीच मऊ माती पाट्या भरभरून सर्जेरावांच्या छतावर चोपली. रिवाजाप्रमाणे वर दोन घागरी पाणी ओतलं आणि खाली येऊन ऐटीत चहाला बसली. तिसऱ्या घोटाला सर्जेरावांच्या टोपीवर थेंब पडला.

“ठमाबाई, सोमवारी पत्रं आणतो,” सर्जेराव शांतपणे म्हणाले. “आता समदं गाव पत्रंच घालतंय.”

ठमाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. पत्रे आले की तिला कोण विचारणार?

“सोमवारपत्तुर थांबा,” एवढंच बोलून ती खुरपं घेऊन वर गेली. सर्जेरावांची सून माधवी मागोमाग. पहिल्याच घावाला शाम्पूची पुडी वर आली. मग दुसरी, मग गुटख्याची, मग दुधाची पिशवी. पायथ्याला गाव कचरा टाकतं, हे ठमाबाईला ठाऊक होतं. गुडघ्यांपुढं तिनं काणाडोळा केला होता. त्यातली पिवळी पुडी तर तिचीच होती. नातीच्या लग्नाला तिनं हौसेनं केस धुतले होते.

दुसऱ्या दिवशी दोघी टेकाडावर चढल्या. ठमाबाईनं कंबरभर खोल खणलं. राख, खापरं आणि मधेच हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. तिनं तो आपल्या मनगटातल्या बांगड्यांशी लावून पाहिला आणि गालात हसली.

रविवारी नव्या छतावर चार घागरी ओतल्या. सर्जेरावांनी टोपी चाचपली.

“कोरडी हाय,” म्हणाले, आणि पुन्हा पत्र्यांचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी टेकाडावरचा खड्डा बुजवताना ठमाबाईनं हातातली एक बांगडी उतरवून तळाशी ठेवली.

“हे काय, काकू?” माधवीनं विचारलं.

“पुड्या काय कुजायच्या न्हाईत, पोरी. हजार वर्सांनी कुणी हितं खणलं, तर त्यास्नी कळू दे, आमी निस्ती केसं धूत बसलो न्हवतो.”