बांधावरचे पेरू आणि पुण्याची बाटली

फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या लालासाहेबांना एक खोड होती. घरात काही आलं की आधी सगळ्यांना वाटायचं, मग आपण घ्यायचं. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या वाडीत ते भरतीच्या पोरापोरींना पहाटे पळवायचे आणि पळून आल्यावर बांधावरचे पेरू प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे.

यंदा लेक अंकितानं पुण्याहून लायपोसोमल व्हिटॅमिन सीची बाटली धाडली. तिच्या अण्णांना, म्हणजे लालासाहेबांना, दर थंडीत खोकला धरतो, आणि ही गोळी म्हणे साधीपेक्षा जास्त अंगी लागते. रोज एक. बाटलीत तीस गोळ्या, मैदानावर तीस पोरं. लालासाहेबांनी रांग लावली आणि पाच मिनिटांत महिन्याचं औषध संपवलं. बायकोनं, अंजनाबाईंनी, कपाळावर हात मारला.

आता लेक रोज विचारणार, गोळी घेतली का? खोटं बोलायची जीभ नाही, आणि खरं बोललं तर पोरीचं मन मोडणार. दुसरी बाटली घ्यावी का, हे विचारायला ते कराडच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, गोळी खोटी नाही. चरबीच्या आवरणामुळं रक्तात थोडी जास्त उतरते. पण सर्दी टळेलच असा भरवसा नाही, किंमत मात्र कितीतरी पट. "आणि सुभेदार, तुम्हाला मुतखडा होऊन गेलाय, अशा गोळ्यांनी तो पुन्हा होऊ शकतो. वाटून टाकलीत तेच बरं केलंत. पेरूत सी भरपूर असतं, रोज तो खाणाऱ्याला ही कशाला?"

लालासाहेब वाटभर एकटेच हसत आले. संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. पलीकडून खोकला ऐकू आला.

"तू घेतीस का गं ती गोळी?"

"नाही अण्णा. महाग होती. एकच बाटली घेतली, तुमच्यासाठी."

"आन् पेरू कवा खाल्लास?"

तिला आठवेना. डबा कँटीनचा, फळ सुट्टीला घरी आल्यावर. लालासाहेबांचा जीव गलबलला.

दुसऱ्या दिवशी पळणं बंद. तीस जणांनी झाडं चढून पिशव्या भरल्या आणि सुभेदारांना पुण्याच्या एसटीत बसवलं. दार उघडताच अंकिता रागवायला लागली, तर त्यांनी तिच्या हातात पेरू ठेवला आणि खिशातून तीच बाटली काढली. अंजनाबाईंनी तिच्यात तिखटमीठ भरून दिलं होतं.

"रोज एक," लालासाहेब म्हणाले. "डॉक्टरला इचारून आलोय."

अंकितानं पेरूचा मोठा घास घेतला. तिला हसू आवरेना, आणि रडूही.