पुस्तकातून शिकलेला फटका

साठ-एकसष्टच्या सुमारास मी राजूरला कोळशाच्या खाणीवर सर्व्हेअर होतो. वसाहतीमागच्या पडीक जमिनीवर मॅनेजरसाहेबांनी गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान म्हणजे काय, गवताचा पत्ता नाही. भोकाभोवती वाळू पसरून धूळ बसावी म्हणून तिच्यावर जळकं तेल ओतलेलं. रविवारी चौथा गडी कमी पडला की मला बोलावणं यायचं आणि मी शेफारून जायचो.

लांबचे फटके जमायचे. घोडं पेंड खायचं ते भोकाजवळ. तिथून चेंडू जरासा उठवून वाळूवर टाकायचा आणि पुढं घरंगळू द्यायचा, याला चिप म्हणतात. माझी काठी एकतर चेंडूआधीच जमिनीत रुतायची, नाहीतर चेंडू सणसणत पार पलीकडे. साहेब हसायचे, ते मला फार लागायचं.

मग मी अंगणात घमेलं मांडून सराव सुरू केला. बायको ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसायची. मुकुटबनकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, माझ्याशी मोजकंच बोलायची. आठवडाभर तिनं माझा तमाशा पाहिला. मग तिला राहवलं नाही.

"त्याले उचलून कायले राह्यले तुमी? इटी का हातानं उचलतात? टोकावर खाली हाना, ते आपसूक उठते. अन् भार मांगच्या पायावर काहून ठेवता?"

लहानपणी विटीदांडूत ती भावांना हरवायची. लुगडं नेसायला लागली आणि दांडू सुटला.

"तुले का समजते यातलं?" मी चिडून म्हणालो.

ती उठली, पदर खोचला, काठी घेतली. पाय जवळ, चेंडू मागच्या पायापाशी, हात जरा पुढं, मनगट घट्ट. चेंडू टुणकन उठला, टेकला आणि घरंगळत जाऊन घमेल्याला लागला. ती खळखळून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढं पंधरा दिवस, रोज संध्याकाळी, ती माझे पाय पाहायची.

त्यानंतरच्या रविवारी तारेच्या कुंपणाशी चार बायकांत तीही उभी होती. शेवटच्या भोकाला माझी चिप सरळ आत गेली. साहेबांनी पाठ थोपटली.

"वाह! किससे सीखा?"

ती दहा पावलांवर होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण बायकोनं शिकवलं म्हटलं तर हे सगळे हसतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"किताब से, साब."

दुसऱ्या दिवशी अंगणात काठी पुन्हा जमिनीत रुतली. "जरा माहे पाय पाह्यतं का?" मी विचारलं.

शेंगांवरची नजर तिनं उचलली नाही. "किताबात पाहा."

"चुकलं माहं."

"मले कायले सांगता? त्यायले सांगा."

साहेबांची बदली होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर कितीतरी रविवार खेळलो. चिप छान बसायची, ते विचारायचेही. ती मात्र पुन्हा कुंपणाशी आली नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही.