फडकं मीच बांधलं होतं

बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा स्कॉटलंड नकाशावर नेमकं कुठे आहे हेही मला सांगता आलं नसतं. काम मात्र तिथलंच होतं. एडिनबरा आणि ग्लासगोच्या वकिलांकडून फायली यायच्या. कुणी कारखान्यात पडलेलं, कुणाला अन्यायाने कामावरून काढलेलं, कुणी कबूल केलेला माल दिलेला नाही. त्या वाचून, मुद्दे काढून आम्ही परत पाठवायच्या. मी साताऱ्याहून कायद्याची पदवी घेऊन आले होते, पण तिथला कायदा निराळा. तो आम्हा नव्यांना शिकवायच्या वसुमती. ऑफिसातले सगळे त्यांना वसुअक्का म्हणत.

अक्का पन्नाशी ओलांडलेल्या. घर चामराजपेटेत, आणि घराणं बंगळुरात इतकं जुनं की महाराष्ट्रातलं मूळ गाव कुठलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पूर्वी बरीच वर्षं त्यांनी इथल्या कोर्टात वकिली केली होती. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्या माझ्याशी मराठीतच बोलू लागल्या. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, पुढे वाच’ असली त्यांची कानडी मिसळलेली मराठी पहिले काही दिवस मला हसू आणायची. मग तीच माझ्या तोंडी बसली.

पहिल्या दिवशी आम्ही वह्या उघडून बसलो होतो. अक्का म्हणाल्या, "मिटा त्या. आधी गोगलगायीची गोष्ट ऐका."

शंभरएक वर्षांपूर्वी ग्लासगोजवळच्या पेस्ली गावात एक बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली मागवली. थोडं पिऊन झाल्यावर उरलेलं ओतलं, तर बाटलीतून कुजलेली गोगलगाय पडली, असं त्या बाईचं म्हणणं. ती आजारी पडली. दावा कुणावर लावणार? बाटली विकत घेतली मैत्रिणीने, म्हणजे या बाईचा करार कुणाशीच नाही. बाटली गडद रंगाची, तेव्हा कॅफेवाल्याला तरी आतलं काय दिसणार?

"मग कोर्टाने विचारलं, तुझा शेजारी कोण?" अक्का म्हणाल्या. "भिंतीपलीकडे राहतो तो नव्हे. आपल्या हयगयीने ज्याला इजा होईल हे आपल्याला आधीच दिसायला हवं, तो आपला शेजारी. पेय बनवणाऱ्याने ती बाई जन्मात पाहिली नव्हती. तरी ती त्याची शेजारीण."

नोकरीचा कायदाही त्यांनी असाच शिकवला. मालकाने द्यायचं काय? साधनं धड हवीत, सोबतचे लोक जाणते हवेत, कामाची रीत सुरक्षित हवी. काम दुसऱ्यावर सोपवता येतं, ही जबाबदारी मात्र दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. कराराच्या धड्याला त्यांनी सांगितलेलं मला विशेष आवडलं होतं. आपल्याकडे मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा कोर्टात टिकत नाही. स्कॉटलंडमध्ये नुसतं वचनही देणाऱ्याला बांधतं. बऱ्याचदा ते लेखी असावं लागतं, एवढंच.

अक्का छान शिकवतात, एवढंच तेव्हा माझं मत होतं. त्यांना खरं ओळखलं ते सकवारबाईंना अपघात झाल्यावर.

सकवारबाई आमच्या ऑफिसात चहा-कॉफी करायच्या. त्याही बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातल्या, चामराजपेटेतच राहणाऱ्या, पण नेमलेल्या कंत्राटदाराने. पाणी उकळायच्या मोठ्या यंत्राच्या नळाखाली त्या किटली धरत. एका दुपारी मी कप घ्यायला आत गेले आणि माझ्यासमोर त्या यंत्राचा नळ निखळला. उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं. त्यांची किंकाळी ऐकून लोक धावले. कुणी टूथपेस्ट लावा म्हणालं, कुणी बर्फ आणायला पळालं. अक्का गर्दी सारून आत आल्या आणि त्यांचा हात बेसिनच्या गार पाण्याखाली धरून उभ्या राहिल्या.

"अय्यो अक्का, सोडा, सहन होत नाही!"

"होत नाही, ठाऊक आहे मला. तरी धरूनच ठेवा. मी आहे इथे."

बराच वेळ त्यांनी तो हात सोडला नाही. मग स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं.

दोन दिवसांनी ऑफिसची व्यवस्था पाहणाऱ्या यशोवर्धन सरांनी अक्कांना आणि मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. अपघाताचा अहवाल वर पाठवायचा होता. मी पाहिलेलं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाई कंत्राटदाराच्या आहेत, हे स्पष्ट लिहू. शिवाय हातमोजे घातले नव्हते, तेही लिहू."

"हातमोजे दिले होते का?" अक्कांनी विचारलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नळ आधीपासून सैल होता, यशोवर्धन. गळायचा. गळती थांबावी म्हणून त्याला फडकं मीच बांधलं होतं. तक्रार करायला हवी होती. केली नाही. अहवालात माझं नाव पहिलं लिहा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सरही गडबडले. "अक्का, तुम्ही कशाला स्वतःला गोवून घेता? पुढच्या महिन्यात प्रशिक्षण विभाग तुमच्याकडे द्यायचं चाललंय. आणि आपण स्कॉटलंडमध्ये नाही आहोत."

"इथला कायदाही मूळ मालकाला हात झटकू देत नाही. पण ते नंतर बघू. मी रोज पोरांना शेजारी कोण ते शिकवते, आणि माझ्यापासून चार पावलांवरच्या बाईसाठी एक फोन केला नाही. माझं नाव लिहिल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला मला तोंड नाही."

आवाज चढला नव्हता. हात मात्र टेबलाच्या कडेवर घट्ट होते. मी बाहेर आल्यावर विचारलं, "भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "वाटली ना. चल, बसू कुठेतरी."

त्याच संध्याकाळी त्या सकवारबाईंच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. दार उघडलं सकवारबाईंच्या मुलाने, विराजने. तो टेम्पो चालवायचा. त्याने आम्हाला आत घेतलं नाही.

"कंपनीने पाठवलं का? आईचं तोंड बंद करायला?"

मला राग आला. अक्कांना आला नाही. "तुम्हाला तसं वाटणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी कंपनीची माणूस. म्हणून या प्रकरणात माझा सल्ला घेऊच नका. दुसरा वकील करा. मी एकाचं नाव देते, तेही तुम्ही चार ठिकाणी विचारून पाहा. नळ सैल होता हे मला माहीत होतं, हे मी लिहून दिलंय. त्या वकिलाला सांगा, मी साक्ष देईन."

विराज दारातून बाजूला झाला.

आत सकवारबाई पलंगावर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत बांधलेला. दुखण्याविषयी त्या फारसं बोलल्या नाहीत. खूप आग्रह केल्यावर मान खाली घालून म्हणाल्या, "केस विंचरता येत नाहीत हो. घरात बाईमाणूस नाही. मुलाला कसं सांगू?"

अक्कांनी फणी मागितली. गुंता सोडवायला वेळ लागला. वेणी घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत रोज सकाळी येईन."

"नको अक्का, तुम्हाला कशाला त्रास?"

"आता बोलून गेले. झालं."

आणि त्या खरंच गेल्या. रोज ऑफिसला निघण्याआधी. पावसातही, स्वतःला ताप असतानाही. मी एकदा म्हटलं, एखादी बाई लावून दिली असती तर? त्या म्हणाल्या, "बाई लावता आली असती, पण येईन म्हणाले होते मी." पुढे पुढे वेणी घालता घालता दोघींच्या गप्पा रंगत. विराज कॉफी करून आणायचा.

प्रकरण कोर्टात गेलं नाही. अक्कांचा जबाब कागदावर असल्यामुळे कंपनी आणि कंत्राटदार यांना एकमेकांकडे बोट दाखवता आलं नाही. विराजच्या वकिलाने दोघांनाही चर्चेला बसवून उपचार आणि भरपाई पदरात पाडून घेतली. यंत्र बदललं, तपासणी सुरू झाली. सकवारबाईंना कंपनीने थेट नोकरीत घेतलं. त्यांची दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत. किटली त्या उचलत नाहीत, सामानाची देखरेख करतात. एका सकाळी अक्का फणी घ्यायला हात पुढे करणार, तर सकवारबाईंनी स्वतःच घातलेली वेणी पाठ फिरवून दाखवली. अक्का तिथेच पलंगावर बसून रडल्या, असं विराजने मला सांगितलं. मी तिथे असते तर मीही रडले असते.

प्रशिक्षण विभाग मात्र दुसऱ्याच्या हाती गेला. कारण कुणी सांगितलं नाही, अक्कांनी विचारलं नाही. थोडं लागलं असावं. एकदाच म्हणाल्या, "त्या विभागाच्या खोलीला खिडकी होती गं, चांगली." त्यानंतर तो विषय नाही.

आता रविवारी सकाळी त्यांच्या चामराजपेटेतल्या घरी माणसं येतात. सकवारबाईंनी पाठवलेल्या झाडूपोछा करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, विराजच्या ओळखीचे ड्रायव्हर. कुणाला कारण न देता काढलेलं, कुणी यंत्रात बोट गमावलेलं. अक्का ऐकून घेतात, कुठे जायचं ते सांगतात, गरज पडली तर सोबत जातात. त्यांचे यजमान रघुपतीराव कुरकुरत असतात की स्वतःच्या घरात पेपर वाचायला जागा उरली नाही. पण येणाऱ्यांना कॉफी पुरावी म्हणून मोठं फिल्टर बाजारातून आणलं ते त्यांनीच, आणि ती गाळतातही तेच.