पाण्याचा दंड

आमच्या गावात मुलांना शाळा बुडवून कामाला लावलं तर आईबापांना दंड होता, आणि तो पैशांत नव्हता, पाण्यात होता. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले असते, पण तो दंड गावात पहिल्यांदा भरला आमच्या घरानं, आणि भरावा लागला तो माझ्यामुळे.

एकोडीच्या अलीकडे, तलावाखाली वसलेलं आमचं गाव. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी सहावीत होते. बाबा गावाचे पाणकर होते. धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात; कुणाच्या बांधीत तलावाचं पाणी कधी आणि किती वेळ जायचं, हे पाणकर ठरवतो. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची मोरी असते, तिला तुडूम म्हणतात. ते तुडूम उघडायचा हक्क एकट्या बाबांचा. गावानं त्यांना हे काम दिलं ते काही त्यांच्या गोड बोलण्यावर भाळून नव्हे. सख्ख्या भावालाही ते घटकाभर जास्त पाणी देत नसत, म्हणून दिलं. असा माणूस गावाला सोयीचा असतो. घरात त्याच्यासोबत राहणं कसं असतं ते मायला विचारायला हवं होतं.

शाळा दोन खोल्यांची, सातवीपर्यंत. गुरुजी भंडाऱ्याकडचे, बोलणं अगदी पुस्तकातलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली की त्यांच्यासमोर रिकाम्या पट्ट्या उरत. मुलं घरी ठेवणाऱ्या पालकांना दंडाच्या छापील नोटिसा पाठवायची सोय होती. गुरुजींनी एका वर्षी इमानेइतबारे सगळ्यांना पाठवल्या. कुणी काही भरलं नाही. एकानं तर गुरुजींच्या देखत त्या कागदानं विडी पेटवली आणि वर त्यांनाही एक देऊ केली.

त्या वर्षी आषाढात शाळेच्या वऱ्हांड्यात गावाची सभा बसली. गुरुजींनी हात जोडून सांगितलं, अशानं शाळा बंद पडेल. सगळे जमिनीकडे बघत बसले. तेव्हा बाबा बोलले.

"दंड पैशाचा नोको. पैसा कोनापाशी हाय? पान्याचा लावा. जो पोराले लागोपाठ चार दिवस शाळेतून ठेवन, त्याची पान्याची पाळी शेवटी."

पोर स्वतः आजारी असेल किंवा घरात मयत झाली असेल तर माफी, एवढं गुरुजींनी त्यात घातलं. सगळे हात वर झाले. बाहेर पाऊस कोसळत होता, तलाव भरत आला होता आणि पाळी लावायची वेळ तशीही कधीतरीच येई. भर पावसात बसून कोरड्या दिवसांची काळजी कोण करतो? कुणीच केली नाही. ज्यांनी तो दंड सुचवला त्यांनीही नाही.

पंधरा दिवसांत रोवणा लागला. आमच्यासारख्या घरांत मजुरी देऊन रोवणा होत नसे. पाच बाया येऊन तुमच्या बांधीत वाकल्या, की तुम्ही त्या पाचजणींच्या बांधीत एकेक दिवस वाकायचं. हे चुकवलं तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे कुणी फिरकायचं नाही. आमचा रोवणा झाला, पाच बाया राबून गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी माय हिवतापानं आडवी झाली. दोन गोधड्यांखाली ती थडथड उडत होती.

"माह्या बदली तू जाय," ती आतून म्हणाली. "बाईच्या जागी पोट्टी चालते. रिकामी जागा चालत नाई."

मी गेले, आणि खोटं कशाला बोलू, खुशीत गेले. व्यवहारी अपूर्णांकांपेक्षा चिखल बरा वाटला. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची पेंढी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं तीन-तीन काड्या खोवत मागं सरकायचं. बायांच्या ओळी सरळ येत आणि माझी सापासारखी वळत जाई. त्या हसत. तिसऱ्या दिवशी बाबा फावडं खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून आले. मला पाहून थांबले. त्यांना शाळेची आठवण झाली असणार, असं मला आज वाटतं. पण तेव्हा त्यांनी फक्त माझ्या ओळीकडे बघितलं.

"वाकडी जाऊन राहिली तुई ओळ," ते म्हणाले आणि पाळीकडे निघून गेले.

पाच दिवस मी शाळेत गेले नाही. सहाव्या दिवशी गेले तेव्हा गुरुजींनी काही विचारलं नाही. हजेरीपटावर काहीतरी लिहिलं आणि अपूर्णांक पुढे चालू केले.

पोळा झाला आणि पाऊस गेला. आधी वाटलं, येईल आठ दिवसांत. मग गणपती बसले आणि उठले, आभाळ स्वच्छ. बांध्यांमधलं पाणी आटलं, मग चिखल, मग चिखलाला भेगा. धान निसवायला आलं होतं. लोंब बाहेर पडायच्या वेळी पाणी मिळालं नाही तर लोंब दिसायला येते, पण आत दाणा भरत नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बाबा रोज तलावावर जाऊन पाण्यात काठी उभी करून बघत आणि घरी येऊन कुणाशी न बोलता जेवत. पाणी सगळ्यांना पुरणार नव्हतं. शेवटी ज्याची पाळी, त्याचं धान जाणार होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, गुरुजी आमच्या घरी आले. बाबा तलावावर होते. गुरुजींनी हजेरीपट मायसमोर उघडून धरला.

"वहिनी, उद्या पाळी ठरायची आहे. दंडाची यादी मला वाचायची आहे. दोन घरं आहेत त्यात. एक तुमचं."

दुसरं घर माझ्या पट्टीवर शेजारी बसणाऱ्या मुलीचं. तिच्या बापाला तलावाच्या शेवटच्या टोकाला एकच एकर होतं. तिची आई रोवण्याला जाई, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी ठेवलं होतं.

माय भिंतीला टेकली. "आमच्या दोनच बांध्या हायेत, गुरुजी."

"म्हणूनच आलो. पाणकरांच्याच घरावर दंड बसला तर उद्या ही रीतच कोणी मानणार नाही. हिला ताप होता असं मी लिहितो. घरात ताप तर होताच ना?"

माय माझ्याकडे वळली. "इचारलं तं सांगजो, ताप होता मले. समजलं?"

मी मान हलवली. मला बांध्यांत वाकलेलं मात्र अर्ध्या गावानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर गाव जमलं. पुरुष खाली बसले होते, बाया मागे उभ्या. ज्यांच्या बांधीत मी रोवलं होतं त्या पाचहीजणी तिथं होत्या. गुरुजींनी आधी दुसऱ्या घराचं नाव वाचलं. त्या माणसानं डोक्यावरचा शेला काढून मांडीवर ठेवला. मग गुरुजींनी माझं नाव वाचलं. "पाच दिवस. आजारी."

पाणी कुणाच्या हातून मिळायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा पाणकराच्या पोरीला खोटं कोण पाडणार? त्या पाचजणींनी नजरा खाली घातल्या. माझ्या पट्टीवरची मुलगी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

गुरुजी माझ्याकडे वळले. "काय गं, ताप होता ना तुला?"

"हो गुरुजी," मी म्हटलं. "होता."

बाबा तुडुमापाशी फावड्यावर हात टेकून उभे होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आधी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताप तिच्या मायले होता," ते म्हणाले. "पोट्टी बांधीत होती. म्या सोता पायली. आमची पाळी शेवटी लिवा."

मला रडू आलं नाही, संताप आला. एवढ्या लोकांसमोर बापानं मला लबाड ठरवलं होतं. त्या क्षणी ते मेले असते तरी चाललं असतं, असं मला वाटलं. तसं वाटल्याची लाज मला पुढे फार वर्षांनी वाटली, तेव्हा अजिबात नाही.

तुडूम उघडलं. रोज एकेक पाट भरून वाहत होता आणि तलाव आतून उघडा पडत होता. आधी कमळाच्या वेली चिखलात लोळल्या, मग चिखलही सुकू लागला. बाबा आमच्या बांधीचं तोंड ओल्या मातीनं स्वतः लिंपून येत, म्हणजे चुकूनही पाणी आत शिरायला नको. माय रोज त्यांना डबा द्यायला मला पाठवी. स्वतः जात नसे.

शेवटी दोनच घरं उरली, आम्ही आणि तो एका एकराचा माणूस. तलावात गुडघाभर पाणी होतं. त्या दिवशी मात्र माय पाळीवर आली. बाबांनी त्याचा पाट आधी उघडलेला तिनं पाहिला आणि ती भर उन्हात किंचाळली.

"त्याले पयले काहून? दोघायलेही दंड, मंग त्याले पयले काहून?"

"तो पानकर नोहे," बाबा म्हणाले. "मी हावो."

माय काठावर बसली. मीही तिच्याजवळ बसले. त्याची बांधी भिजायला दुपार झाली. मग बाबांनी आमच्या बांधीचं तोंड फोडलं आणि तलावात उतरले. फावड्यानं, मग हातांनी, ते तुडुमासमोरचा गाळ ओढत होते. गढूळ पाणी आलं, आमच्या खालच्या बांधीत वीतभर पसरलं. वरची बांधी भिजायच्या आत तुडुमातून नुसता चिखल येऊ लागला, आणि मग तोही थांबला. बाबा कमरेपर्यंत चिखलात उभे होते. त्यांना हात देऊन वर ओढायला तो एका एकराचा माणूस आला. माय जागची हलली नाही.

त्यानंतरच्या दिवसांत शाळेला जाताना मला धुऱ्यावरून जावं लागे. डाव्या हाताला त्या पाचजणींतल्या एकीची, आमच्या शेजारणीची बांधी. तिथल्या माझ्या वाकड्या ओळी लांबूनही ओळखू येत. त्यांना भरलेल्या लोंबांचं ओझं झालं होतं आणि त्या पाटाकडे झुकल्या होत्या. उजव्या हाताला आमची वरची बांधी, सरळ ओळींची, ताठ उभी. लोंब चुरगाळली की हातात फोल उरे. मी रोज एकतरी लोंब चुरगाळून बघायची. रोज तेच.

माय बाबांशी बोलत नव्हती. विड्या वळायला घेतल्या तिनं, सूप मांडीवर घेऊन दारात बसे. एक दिवस मान वर न करता म्हणाली, "आता पोट्टीले शाळेतून काहाडते. विड्या वळन माह्यासोबत."

बाबांनी जेवता जेवता हात थांबवला. "एवढं पानी गेलं तिच्या शाळेपायी. आता काहाडतेस?"

मायनं विडीचं पुढचं पान उचललं. शाळा मला हवी आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं, अपूर्णांकांसकट. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निघाले तेव्हा माय अडवेल म्हणून दारात क्षणभर थांबले. तिनं फक्त सूप बाजूला घेतलं, मला जायला वाट व्हावी म्हणून.

पुढच्या आषाढात पुन्हा सभा बसली. गुरुजींनीच विषय काढला. गेल्या वर्षी फार झालं, ते म्हणाले, पाण्याचा दंड रद्द करावा, मी दुसरा काही मार्ग बघतो. माणसांनी सुटल्यासारख्या माना डोलावल्या. बाबांना बोलायची सोयच उरली नव्हती; दंड सुचवलेला त्यांनीच आणि भरलेलाही त्यांनीच.

मागे बायांमधून मायचा आवाज आला. आमच्याकडे बाया सभेत बोलत नसत, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"राहू द्या तो दंड," माय म्हणाली. "आमी भरला. आता कोनाची माफी नाई."

ती हे माझ्या शाळेसाठी बोलली की एक बांधी गेल्याच्या रागानं, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मलाच झापलं असतं. दंड राहिला.

आठ दिवसांनी रोवणा लागला. शेजारणीची हाक आली तेव्हा माय नुकतीच तापातून उठली होती. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, मला हलवून उठवलं आणि दप्तर माझ्या हातात दिलं.